दर महिन्याला एक वर्ष

"ह्ये कुठलं म्हातारं धरून आनलंय?"

कलाबाईंनी फोटो आधी हातभर लांब धरला, मग चष्मा कपाळावर सारून अगदी नाकाला लावला आणि शेवटी काउंटरवर पालथा घातला. चार दिवस डोळे फोडून केलेलं माझं काम, आणि त्याचं हे असं स्वागत.

"अहो मावशी, तुमचेच मालक हे," मी म्हणालो. "सत्तर वर्षांचे करा म्हणून तुम्हीच सांगून गेलात ना?"

"सांगितलं व्हतं की. पर ह्यो मानूस मला ठावा न्हाय. रस्त्यात भेटला तर डोईवर पदर घीन आन् फुडं जाईन मी."

शेजारी झेरॉक्सच्या मशिनवर माझी बायको शैला कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होती. तिनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. आता तोंड उघडू नका, असा त्याचा अर्थ. पण मी कसला गप्प बसतोय! बत्तीस वर्षं या धंद्यात काढलेली, आणि कुणी माझा फोटो पालथा घालावा?

तासगावातला आमचा 'तारळेकर फोटो' वडिलांपासूनचा. लग्नाचे फोटो काय, कुणीही काढतं. आमचं नाव होतं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंसाठी. घरात कुणी गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर हार घालायला फोटो लागतो आणि नेमकं तेव्हाच लोकांच्या ध्यानात येतं, की माणसाचा धड एक फोटो नाही. मग कुणी रेशनकार्डावरचा आणतं, कुणी वरातीतला आणतं, त्यात आजोबा कडेला अर्धे कापलेले. मी त्यांना अख्खे करायचो. मिटलेले डोळे उघडायचो, अंगावर कोट चढवायचो. ज्यांनी जन्मात कोट घातला नाही, त्यांची मुलं तो बघून समाधानानं रडायची.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं, ते मी एकदाच विकत घेतलं होतं. खोक्यात सीडी, खोक्यावर नंबर. एकदा घेतलं की आपलं, कुणाच्या बापाचं काही देणं नाही. बारा वर्षं ते इमानानं चाललं. मग त्या वर्षीच्या वळवात वीज पडली, कॉम्प्युटर जळाला, आणि नवा कॉम्प्युटर काही केल्या ती सीडी घेईना. कंपनीला फोन लावला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आता खोकं मिळत नाही. दर महिन्याला पैसे भरायचे आणि वापरायचं. भरायचं थांबलात की बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे न्हाव्यानं स्वतःची कात्री भाड्यानं वापरायची का?"

शैला म्हणाली, "दूध महिन्याला, केबल महिन्याला, मोबाइल महिन्याला. तेव्हा नाही तुम्हाला ताप चढत? सात दिवस फुकट वापरायला देतायत, तेवढे तरी वापरा. आठव्या दिवशी आदळा मग काय आदळायचं ते."

तिनंच ते फुकटचं चालू करून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी कलाबाई आवळे दुकानात आल्या.

बेदाण्याच्या शेडमध्ये बेदाणे निवडायचं काम करायच्या त्या. त्रेसष्ट वर्षांच्या, काटक, हातांना बेदाण्याला देतात त्या गंधकाचा वास. टॉवेलात गुंडाळून फोटो आणला होता. बँडपथकाच्या झालरीच्या कोटातला एक पोरसवदा गडी, हातात क्लॅरिनेट, मिशी नुकती फुटलेली. त्यांचे मालक, शिवराम. सव्विसाव्या वर्षी विषमज्वरानं गेलेले.

"नातवाला बघाय पावनं आलं व्हतं," त्या सांगत होत्या. "पोरीच्या आईनं भितीवरचा फोटू बगितला आन् म्हनाली, ह्यो तुमचा मुलगा व्हय? कदी गेला? नवऱ्याला माझा ल्योक म्हनाली की वो! बरं, तिचंबी काय चुकलं? नातूच आता त्येंच्याएवडा झालाय. दादा, ह्यास्नी माझ्यासंगट म्हातारं करा. आज असते तर सत्तरचे असते."

म्हणून मी चार दिवस खपून सत्तरचे केले होते. आणि आता त्या म्हातारबुवांकडं पाठ फिरवून मावशी बाकावर बसल्या होत्या.

"मग आता काय करायचं म्हणता?" मी जरा घुश्शातच विचारलं.

त्यांनी मूळ फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "येकेक वरीस करता येतंय का? हे सव्वीसचे हैत. आता सत्तावीसचे करा. ते मी बगीन, नीट बगीन. फुडच्या म्हयन्यात अठ्ठावीस. आसं हळूहळू म्हातारे झाले, तर वळख ऱ्हाईल."

मी हसलोच. "मावशी, चव्वेचाळीस महिने लागतील! आणि हे सॉफ्टवेअर तर परवा बंद होणार. दर महिन्याला पैसे भरले तरच चालतं ते."

"भरले की चालू ऱ्हातंय न्हवं?"

"राहतं, पण..."

"मग निम्मं मी भरते, निम्मं तुमी भरा. तुमची बाकीची कामंबी त्येच्यावरच हुत्यात की."

झेरॉक्सच्या मशिनमागनं शैलाचं हसू ऐकू आलं. दोन बायका एका बाजूला आणि मी एकटा. हात टेकले. त्याच दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा महिन्याच्या भाड्यानं कात्री घेतली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्यांना माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं. या सॉफ्टवेअरमध्ये लेयर असतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर. सुरकुत्या एका थरावर, पिकलेले केस दुसऱ्यावर, खाली मूळ फोटो जसाच्या तसा. प्रत्येक वर्षाचा वेगळा थर करायचा असं मी ठरवलं होतं. पण माणसाला वय चढवायचं तर त्याचं हसणं माहीत असावं लागतं. चेहरा जिथं रोज दुमडतो, सुरकुती तिथंच पडते. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे विचारतो, तसं त्यांनाही विचारलं.

"मावशी, हसताना त्यांच्या कुठल्या गालावर घडी पडायची? डाव्या की उजव्या?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. मी परत विचारलं.

"ठावं न्हाय," त्या म्हणाल्या.

"असं कसं? आठवून बघा."

"आटवाय पायजे तर बगितलं पायजे. अकरा म्हयनं नांदले मी त्येंच्यासंगं. घरात सासू, मामंजी, दोन दीर. दिसा त्येनी माझ्याशी बोलायचं न्हाय, मी वर बगायचं न्हाय. रातच्याला दिवा न्हाय. हसल्याला आवाज ऐकलाय मी दादा. तोंड न्हाय दिसलं."

शैलानं मशिन बंद केलं. मी उगाच माऊस हलवत बसलो. मग अंदाजानंच उजव्या गालावर एक बारीक रेघ ओढली. त्या म्हणाल्या, "असंल तसंच," आणि पदराच्या गाठीतनं मूठभर बेदाणे काढून माझ्या टेबलावर ठेवले.

तिथनं ते सुरू झालं.

दर महिन्यात एका बाजाराच्या दिवशी कलाबाई यायच्या आणि शिवरामभाऊ एका वर्षानं मोठे व्हायचे. पहिल्या चारपाच महिन्यांत त्या नुसत्या बघायच्या. मग हळूहळू त्यांची जीभ सुटली. एकतिसाव्या वर्षी म्हणाल्या, "औंदा जरा वाळलेले दावा. आमचं भांडान झालंय, दोन म्हयनं कवठ्याला भावाकडं जाऊन बसल्यात."

"कशावरनं झालं भांडण?"

"मी वाजवायची पेटी इकली त्येंची. पोरीच्या शाळंला पैसं नव्हतं. पेटी काय, परत घिता येती."

असं काही घडलं नव्हतं, हे त्यांनाही माहीत आणि मलाही माहीत. मी मात्र शिवरामभाऊंच्या गालाची हाडं जरा वर काढली.

चौतिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचं बँडपथक काढलं. अडतिसाव्या वर्षी कानशिलावर पहिला पांढरा केस आला आणि तो कुठं घालायचा यावर आमची अर्धा तास वादावादी झाली. बेचाळीसला चष्मा लागला. टकलाचा प्रश्न निघाला तेव्हा मावशी ठाम होत्या, "मामंजींस्नी व्हतं, म्हंजी ह्यास्नीबी पडनार. नगं म्हनून भागतंय व्हय?" शैला तर रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हणतायत आमचे भाऊजी? पोट सुटलं का?" मी चिडल्यासारखं करायचो, पण खरं सांगायचं तर मलाही तो दिवस कधी येतो असं व्हायचं. आदल्या दिवशीच मी फाइल उघडून ठेवायचो. कधी न बघितलेल्या माणसाची मला सवय लागली होती.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या लेकीचं लग्न. मी फेटा चढवला.

"त्या दिशी वाजवायचं न्हाय म्हनून बजावलं व्हतं मी," मावशी म्हणाल्या. "बापानं वाजवायचं व्हय पोरीच्या लग्नात? मानानं मांडवात बसावं."

"मग? ऐकलं का त्यांनी?"

"कसलं ऐकत्यात! पोरगी लागली मोटारीत बसाय, आन् ह्येनी क्लॅरनेट तोंडाला लावलं. रडं दिसू नये म्हनून." त्या पडद्यावरच्या त्या फेट्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. "खऱ्या लग्नात मिरजंचा बँड व्हता. चांगला व्हता. पर मला त्यो आवाज सोसना. मी आत जाऊन बसले."

आता माझ्या गाढवपणाचं सांगतो. मधेच एका दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर निघालं, एकदा पैसे भरा आणि कायमचं तुमचं. मला तर हर्षवायू झाला! कुणाला न विचारता घेतलं, महिन्याचं बंद करून टाकलं, आणि घरी येताना पेढेही आणले. शैला म्हणाली, "आधी भाऊजींची फाइल उघडून बघा, मग पेढा द्या." उघडली. सगळे थर एकमेकांत विरघळून एकच चेहरा झालेला. सव्विसाची मिशी, पन्नाशीचं टक्कल, फेटा, चष्मा, सगळं एकावर एक. माणूस कुठला, नुसता धुरकट डाग. दुसऱ्या दिवशी मावशी येणार होत्या. मी मुकाट्यानं जुन्या कंपनीचे पैसे भरले. फाइल तिथं शाबूत उघडली, पंचविसाच्या पंचवीस थरांसकट. शैलानं तेवढ्यात अर्धे पेढे संपवले होते. "आपलं आपलं म्हणत होतात ना," ती म्हणाली, "घ्या आता आपलं." नवीन घेतलेलं तसंच पडून राहिलं. त्यानंतर मी महिन्याच्या पैशावरनं कधी कुरकुर केली नाही.

अठ्ठावन्नावं वर्ष आलं त्या दिवशी कलाबाई शेडमधनं परस्पर आल्या नव्हत्या. डोक्यावरनं न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. स्टुलावर बसल्या. गेल्या महिन्यातला सत्तावन्नचा चेहरा डोळे भरून बघून घेतला.

"दादा, औंदा ते जात्यात."

"कुठं जातायत?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. पुन्हा भावाकडं निघाले असतील असं वाटलं.

"कुटं म्हंजी? मामंजी अठ्ठावन्नला गेले, दम्यानं. ह्यांचीबी छाती तसलीच, त्यात जलमभर फुंकायचं काम. अठ्ठावन्नचे करा आन् हार घालाय मोटा फोटू काडून द्या."

मला राग आला. अगदी मनापासून आला. "छे! असं काही ठरलं नव्हतं आपलं. सत्तरपर्यंत न्यायचं होतं. अजून बारा महिने आहेत. चांगले धडधाकट आहेत की ते! मी नाही करणार."

शैला जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, पैशाचं काही असेल तर..."

"पैशाचं न्हाय गं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ते गेले तवा मी एकोनीस वर्सांची. लेक पोटात. बाया म्हनायच्या, रड, मोकळी हो. मला रडूच यीना. रडाय मानूस वळकीचा तर पायजे का न्हाय? मला त्येंचं हसनं ठावं न्हाय, रागावनं ठावं न्हाय, ताटात पयलं काय खात्यात ते ठावं न्हाय. कशाला रडू? बाया म्हनाल्या, दगड हाय, नवरा मेला तरी डोळ्याला पानी न्हाय. इतकी वर्सं मला त्येच सलतंय. तेराव्याला आल्यालं मानूस कुनी ऱ्हायलं न्हाय आता, पर मला सलतंय." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "आता बत्तीस वर्सं संसार झाला माझा. आता मला ते ठावं झाल्यात. करा दादा."

मी केलं. डोळ्यांखाली थोडी सूज, ओठ जरा निळसर, दम लागलेल्या माणसाची मान. एक रेघ दोनदा पुसावी लागली. मोठा फोटो छापून त्यांच्या हातात दिला.

पहिल्या वेळेसारखाच त्यांनी तो हातभर लांब धरला, मग नाकाशी नेला. पण या वेळी पालथा घातला नाही. छातीशी धरला आणि त्या बाकावर बसून रडायला लागल्या. मोठ्यानं, गळा काढून, नाव घेऊन. आयुष्यात न घेतलेलं नाव घेऊन. शैलानं धावत जाऊन शटर निम्मं खाली ओढलं आणि त्यांना मिठीत घेतलं. मग तीही रडायला लागली. मी कॉम्प्युटरकडं तोंड करून बसलो. माझ्यासमोर पडद्यावर शिवरामभाऊ होते, आणि मला फार जवळचं कुणी गेल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी कुणी आलं नाही. पैसे मात्र मी भरले. भरले नाहीत तर फाइल उघडणार नव्हती.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन मी एकटा आहे. शैला चोपन्नाव्या वर्षी गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशीच बसली, ती बसलीच. साऱ्या तालुक्याचे फोटो तेराव्याच्या आत करून देणारा मी, तिचा फोटो मला करता आला नाही. सांगलीहून करून आणला. त्यांनी तिला पार गोरी केली होती. ती हसली असती बघून.

नंतर मी तिची एक फाइल केली. भाचीनं काढलेला फोटो, झेरॉक्सच्या मशिनवर कोपर टेकून उभी असलेली शैला. दर महिन्याला मी ती फाइल उघडतो, वर एक नवा कोरा थर घेतो, ब्रश हातात धरतो. पंचावन्न करायची असते. होत नाही. परक्याच्या नवऱ्याला मी बत्तीस वर्षं चढवली, आणि माझ्या बायकोच्या तोंडावर मला एक रेघ ओढवत नाही. कोरा थर तसाच ठेवून फाइल बंद करतो. असे चोवीस कोरे थर झालेत.

परवा बाजाराच्या दिवशी शैलाची फाइल उघडून बसलो होतो, तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर कुणीतरी दम खात बसलेलं दिसलं. कलाबाई. आता काठी आलीय हातात. मला काही न विचारता त्या आत आल्या, त्याच स्टुलावर बसल्या आणि पडद्याकडं बघायला लागल्या. शैला मशिनला कोपर टेकून आमच्या दोघांकडं बघत होती.

"किती वर्सांची केलीस पोरीला?"

"एकही नाही, मावशी. हातच चालत नाही."

त्यांनी पदराची गाठ सोडली. मूठभर बेदाणे टेबलावर ठेवले. मग पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "हसताना कुटल्या गालाला घडी पडायची तिच्या?"

"डाव्या," मी म्हणालो. एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "आधी डाव्या. फार हसली तर मग उजव्या. आणि नाकावर इथं, एक बारीकशी."

"मग बसलायस काय," कलाबाई म्हणाल्या. "काड की."